चाळीस दिवसांचा हिशेब



आपल्या वर्गात आमच्यासारखी वसईकडची काही ख्रिस्ती कुटुंबे आहेत. एकादशी सर्वांना ठाऊक आहे, रमजान तर आपण इथे दरवर्षी जवळून पाहतो. मग ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ, म्हणजे इंग्रजीतला लेंट, हा काय प्रकार आहे?

आधी गणित करू. उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि पुढे ईस्टरचा सण येतो. 2025 साली राखेचा बुधवार 5 मार्चला होता आणि ईस्टर 20 एप्रिलला. 5 मार्च ते 19 एप्रिल मोजा पाहू. 46 दिवस भरतात. रविवार हा आनंदाचा वार, म्हणून त्यातले 6 रविवार वजा करायचे. उरले 40. येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण.

राखेच्या बुधवारी धर्मगुरू आपल्याला राख लावतात. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. आपण मातीचे आहोत, गर्व कशाला, हा तिचा अर्थ.

पूर्वी उपवासाचे नियम कडक होते. 1966 साली पोप सहावे पॉल यांनी ते सैल केले. आता कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस उपवास सक्तीचा आहे. तोही 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसांना, आणि त्यातही एक पूर्ण जेवण चालते. तेव्हा मुलांनी उपाशी राहण्याचे कारण नाही.

एवढे सोपे झाल्यावर उरले काय? आमच्या मते अवघड तेच उरले : पश्चात्ताप.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायात जक्कयची गोष्ट आहे. तो यरीहो गावचा जकातदार, श्रीमंत, पण अंगाने बुटका. गर्दीत येशू दिसेना म्हणून तो झाडावर चढला. येशूने त्याला खाली बोलावले आणि त्याच्याच घरी उतरला. जक्कय नुसता रडला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करीन, असे त्याने सांगितले. पश्चात्ताप असा हिशेबात दिसावा लागतो.

आता आपले पाहू. चाळीस दिवस मटण बंद केले, पण गावच्या वाडीच्या वाटणीवरून भावाशी धरलेला अबोला तसाच राहिला, तर उपवास घडला का? घरी कामाला येणाऱ्या बाईचे पैसे वेळेवर देतो का? गावाकडे म्हातारे आईवडील फोनची वाट पाहतात, त्याचे काय? परदेशात राहिल्याने ही खाती आपोआप बंद होत नाहीत. उलट दूर असल्यामुळे ती पाहायची टाळता येतात.

इथे एक सोयही आहे. उपवासकाळात शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची भक्ती करतात. येशूच्या दुःखाची 14 स्थाने, प्रत्येकापाशी थांबून प्रार्थना. वसईत नोकरदारांना त्यासाठी लोकल गाठत धावावे लागते. ओमानमध्ये शुक्रवारी सुट्टीच असते आणि सहमहून सोहारचे चर्च जवळ आहे. तेव्हा वेळ नाही ही सबब इथे चालणार नाही.

मराठीच्या वर्गात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांनी येशूची कथा मराठी ओव्यांत रचली, आणि ते ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. मनाला भिडायचे तर लोकांच्या भाषेतच बोलले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. आपली मुले दिवसातून दहा वेळा ‘सॉरी’ म्हणतात. ‘माझे चुकले’ म्हणायला मात्र जीभ जड होते, कारण ते शब्द खरे वाटतात.

घरी करून पाहा

1. रोज रात्री पाच मिनिटे टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून दिवस आठवा. आज कोणाला दुखावले?

2. जे खाणे सोडले त्याचे पैसे डब्यात टाका. ईस्टरला ते गरजूला द्या, पण नाव न सांगता.

3. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे अशा एकाला ईस्टरपूर्वी फोन करा. फोन मोठ्यांनी करायचा आहे. मुलांनी आठवण करून द्यायची!