विमानातलं शौचालय तुंबतं तेव्हा

लेकीच्या बाळंतपणाला कोल्हापुरातून अमेरिकेला जाताय? मग हे ऐका. ५ मार्च २०२५ रोजी शिकागोहून दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानात १२ पैकी ८ शौचालयं बंद पडली. तेव्हा विमान अटलांटिक महासागरावर होतं आणि युरोपातल्या बहुतेक विमानतळांवर रात्री उतरायला निर्बंध. म्हणून विमान माघारी फिरवलं. दहा तासांहून जास्त प्रवास करून माणसं पुन्हा शिकागोलाच! नळ्यांत पिशव्या, चिंध्या, कपडे सापडले. विमानात मैला पाण्याने वाहून जात नाही. हवेच्या दाबातल्या फरकाने अरुंद नळीतून टाकीत खेचला जातो. म्हणून आम्ही सांगतो, पॅड, डायपर, ओले टिश्यू गुंडाळून तिथल्या कचरापेटीतच टाका. पेटी भरली असेल, तर हवाई सुंदरीला सांगा. त्यात लाजायचं काय?