जुन्या फोर्डमध्ये शेव्हरोलेचे एंजिन : एका यांत्रिक संकराचा विचार

एका कंपनीने बांधलेल्या जुन्या मोटारीत तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीचे एंजिन बसविण्याचा प्रघात वरवर पाहता हौशी मंडळींच्या लहरीचा वाटतो. तथापि या प्रघाताला पाऊणशे वर्षांचा सलग इतिहास आहे. त्याच्या मुळाशी यंत्रशास्त्राची निश्चित कारणे आहेत, आणि जुन्या यंत्रांचे जतन कोणत्या तत्त्वाने करावे या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात या प्रघाताचे सर्वांत परिचित उदाहरण घेतले आहे, ते म्हणजे १९३२ सालच्या फोर्ड मोटारीत बसविलेले शेव्हरोलेचे एंजिन. या उदाहरणाच्या आधारे ही क्रिया नेमकी काय असते, ती करताना कोणत्या अडचणी येतात आणि तिच्यामुळे काय गमावले जाते, याचे विवेचन करावयाचे आहे.

१. मूळ एंजिन

इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे दोन रांगांत आठ सिलिंडर मांडलेले एंजिन स्वस्त मोटारीत देण्याचा मान फोर्ड कंपनीकडे जातो. १९३२ साली पुढे आलेल्या या एंजिनाचे घनमान २२१ घन इंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटर होते व त्याची शक्ती ६५ अश्वशक्ती होती. सिलिंडरांच्या दोन्ही रांगा आणि खालचे घर हे सर्व एकाच ओतकामात साधल्यामुळे त्याची किंमत आटोक्यात राहिली. परंतु या स्वस्ताईची किंमत अन्यत्र मोजावी लागली. झडपा सिलिंडरांच्या शेजारी उभ्या असल्यामुळे वायूंना वळसा घेऊन ये-जा करावी लागे. शिवाय जळून गेलेले तप्त वायू बाहेर नेणारे मार्ग ओतकामाच्या पोटातून, सिलिंडरांना लगटून जात. साहजिकच ती उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात उतरे, आणि एंजिन तापण्याची तक्रार त्याला अखेरपर्यंत चिकटून राहिली.

असे असूनही दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी याच मोटारीला आपलेसे केले. म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर ते हलक्या केलेल्या फोर्ड मोटारी वेगाने पळवीत. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ साली त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन संघटना स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाचा प्रसार झपाट्याने झाला, आणि १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ हे त्याला वाहिलेले मासिकही निघाले. फोर्डचे हे एंजिन अमेरिकेतील मोटारींत १९५३ पर्यंत चालू राहिले. परंतु त्याची मर्यादा त्यापूर्वीच उघड झाली होती.

२. प्रतिस्पर्ध्याचे एंजिन

१९४९ साली जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल या शाखांनी माथ्यावर झडपा असलेली नवी आठ सिलिंडरांची एंजिने बाजारात आणली. लगोलग त्यांतील काही एंजिने परक्या मोटारींत जाऊन बसली. अमेरिकेतील बिल फ्रिक यांनी फोर्डमध्ये कॅडिलॅकचे एंजिन घालून ‘फोर्डिलॅक’ आणि स्टुडबेकरमध्ये तेच घालून ‘स्टुडिलॅक’ अशी जोडनावांची वाहने सिद्ध केली. मात्र कॅडिलॅकचे एंजिन महाग होते आणि वजनदारही होते.

ही उणीव १९५५ साली शेव्हरोलेने भरून काढली. एडवर्ड कोल हे मुख्य अभियंता असताना सिद्ध झालेल्या या एंजिनाचे घनमान २६५ घन इंच होते. साध्या कार्ब्युरेटरसह त्याची शक्ती १६२, तर चार मुखांच्या कार्ब्युरेटरसह १८० अश्वशक्ती सांगितली जाई. त्यातील खरी कल्पकता काटकसरीत होती. झडपा दाबणाऱ्या भुजा जाड ओतकामाऐवजी पत्र्यातून ठोकून काढलेल्या होत्या, आणि प्रत्येक भुजा आपापल्या खुंटीवर स्वतंत्रपणे डुलत असे. वंगणाचे तेल पोकळ दांड्यांमधून माथ्यापर्यंत चढत असल्यामुळे त्यासाठी वेगळ्या नळ्यांची गरज उरली नाही. ओतकामाच्या भिंती पातळ ठेवल्या होत्या. परिणामी हे आठ सिलिंडरांचे एंजिन त्याच कंपनीच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनापेक्षाही हलके भरले.

१९५७ मध्ये त्याचे घनमान २८३ आणि १९६७ मध्ये ३५० घन इंचांपर्यंत गेले. परंतु बाह्य आकार आणि गिअरपेटी जोडण्याच्या बोल्टांची मांडणी जवळजवळ तीच राहिली. हौशी कारागिराच्या दृष्टीने ही स्थिरता फार मोलाची ठरली, कारण एकदा तयार केलेली जोडपट्टी पुढील अनेक वर्षांच्या एंजिनांना चालू शके. शिवाय ही एंजिने अफाट संख्येने निघाल्यामुळे अपघातात सापडलेल्या मोटारींतून ती भंगाराच्या भावात मिळत. या घराण्यातील दहा कोटीवे एंजिन २०११ साली तयार झाल्याचे कंपनीने जाहीर केले, यावरून त्याच्या प्रसाराची कल्पना यावी.

३. सांध्यांचा प्रश्न

एंजिन बदलणे म्हणजे एक जड वस्तू उचलून तिच्या जागी दुसरी ठेवणे, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः एंजिन हे मोटारीशी अनेक ठिकाणी सांधलेले असते, आणि यातील प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे सोडवावा लागतो.

पहिला सांधा जागेचा. फोर्डच्या जुन्या एंजिनात ठिणगी वाटणारा वितरक पुढच्या टोकाला असे. शेव्हरोलेत तो मागे, चालकासमोरच्या पोलादी पडद्याच्या लगत येतो. एंजिनाची लांबी बेताची असल्यामुळे थोडक्या फेरफाराने तो सामावतो. उलट त्याचे डाव्या बाजूचे निष्कास-नळकांडे सुकाणूच्या पेटीला अडते, म्हणून मध्यातून सरळ खाली उतरणारे नळकांडे निवडावे लागते. एंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे मागील बाजूस खोल असल्यामुळे सांगाड्याच्या पुढील आडव्या पट्टीला ते लागत नाही. ही सोय अर्थातच योगायोगाची होय.

दुसरा सांधा गिअरपेटीचा. फोर्डची गिअरपेटी कायम ठेवावयाची असल्यास मध्ये जाड धातूची जोडपट्टी लागते, आणि एंजिनाचा फिरता दंड व गिअरपेटीचा दंड यांचे अक्ष काही सहस्रांश इंचांच्या आत एका रेषेत यावे लागतात. हे साधले नाही तर क्लच आणि धारवे अल्पावधीत झिजतात. गिअरपेटीही शेव्हरोलेचीच घेतली तर हा प्रश्न सुटतो, परंतु दुसरा उपस्थित होतो. जुन्या फोर्डमध्ये मागील आसाकडे शक्ती नेणारा दंड एका बंद नळीत असे, आणि चाकांचा पुढे ढकलणारा जोरही त्याच नळीच्या द्वारे सांगाड्यापर्यंत पोचे. मागची कमान आडवी असल्यामुळे आसाला मागेपुढे सरकण्यापासून रोखणारे दुसरे साधन तेथे नसे. उघडा दंड बसविताच ही नळी जाते, आणि आसाला धरून ठेवणारे नवे दांडे बसविणे अपरिहार्य होते.

तिसरा सांधा पाण्याचा. फोर्डच्या एंजिनाला दोन पंप होते, व त्याच्या रेडिएटरला वर दोन आणि खाली दोन अशी मुखे होती. शेव्हरोलेला एकच पंप असून वर एक व खाली एक मुख पुरते. म्हणून रेडिएटर बदलावा तरी लागतो, नाहीतर त्याची डागडुजी करावी लागते.

चौथा सांधा विजेचा. १९३२ च्या फोर्डमधील विद्युत्‌प्रणाली ६ व्होल्टची असून तिचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. १९५५ ची शेव्हरोले १२ व्होल्टची व ऋण टोक सांगाड्याला जोडलेली होती. व्होल्टता दुप्पट झाली की त्याच रोधातून चौपट शक्ती खर्च होते, त्यामुळे जुने दिवे क्षणात जळतात. तारा तेवढ्या टिकतात. बाकीची उपकरणे बदलावी लागतात.

४. ब्रेकचे गणित

वरील सांधे सोडविले नाहीत तर मोटार चालत नाही, म्हणून ते सोडविले जातातच. पाचवा सांधा मात्र न सोडविताही मोटार चालू लागते, आणि म्हणूनच तो सर्वांत धोक्याचा आहे. तो ब्रेकचा होय.

अधिक वेगात मोटारीची बहुतेक शक्ती हवेच्या विरोधावर खर्च होते, आणि ही गरज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ६५ ऐवजी १६२ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे अडीचपट शक्ती मिळाली, तर तत्त्वतः कमाल वेग अडीचच्या घनमूळाइतका, म्हणजे सुमारे १.३६ पट होईल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती सुमारे १.८४ पट होईल. तात्पर्य, कमाल वेगातून मोटार थांबविताना ब्रेकच्या पृष्ठांवर पूर्वीपेक्षा सुमारे ८४ टक्के अधिक उष्णता निर्माण होणार. हे आकडे आदर्श परिस्थितीचे असून त्या काळी अश्वशक्ती पंखा, आवाजरोधक इत्यादी भार न जोडता मोजली जाई, हे लक्षात घेतले तरी निष्कर्षाची दिशा बदलत नाही.

१९३२ च्या फोर्डचे ब्रेक लोखंडी दांड्यांनी ओढले जात. द्रवदाबावर चालणारे ब्रेक फोर्डने १९३९ च्या मोटारींत दिले. जाणत्या कारागिरांनी शक्तीच्या आधी ब्रेक बदलण्याचा नियम पाळला. ज्यांनी तो पाळला नाही, त्यांनी केवळ स्वतःचाच नव्हे, तर रस्त्यावरील इतरांचाही जीव टांगणीला लावला.

५. घरचे सोडून परके का?

फोर्डने १९६२ साली स्वतःचे आटोपशीर आठ सिलिंडरांचे एंजिन काढले. त्याचेही आरंभीचे घनमान योगायोगाने २२१ घन इंचच होते. मग जुन्या फोर्डमध्ये तेच का बसवू नये, असा प्रश्न निष्ठावंत मंडळी विचारतात, आणि तो न्याय्य आहे. त्याचा वितरक पुढे असल्यामुळे मागील पडद्याची अडचण टळते. परंतु मोटारींसाठीच्या त्याच्या सामान्य रूपात तेलाच्या भांड्याचा खोल भाग पुढे असल्यामुळे ते नेमके पुढील आडव्या पट्टीवर येते. हेही अर्थात दुरुस्त करता येते. पण तोपर्यंत शेव्हरोलेसाठी लागणारे सुटे भाग, जोडपट्ट्या आणि अनुभव यांचा सात वर्षांचा साठा जमला होता. तंत्रविद्येत अनेकदा गुणाइतकेच महत्त्व आधी रुळलेल्या वाटेला येते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

६. मोटार तीच राहते काय?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला रथाच्या अंगांविषयी एकेक करून विचारतो आणि कोणतेही एक अंग म्हणजे रथ नव्हे, हे त्याच्याकडून कबूल करून घेतो. मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न कागदोपत्रीही उद्भवतो. १९३२ च्या व्ही-आठ फोर्डचा क्रमांक क्लचच्या घरावर आणि सांगाड्यावर असा दोन्हीकडे ठोकलेला असे. एंजिन व गिअरपेटी गेली की ओळखीचा एक पुरावा नाहीसा होतो आणि सांगाड्यावरील अंकांवरच सारी भिस्त राहते.

आपल्या देशातही हा प्रश्न परका नाही. ब्रिटिश मॉरिसच्या वंशातील अँबॅसडर मोटारीत हिंदुस्थान मोटर्सने १९९० च्या दशकात जपानी इसुझू घराण्याचे १.८ लिटरचे एंजिन स्वतःच बसविले. कारखान्याने केलेला असा बदल त्या मोटारीच्या इतिहासाचाच भाग ठरतो. मालकाने केलेल्या बदलाकडे कायदा वेगळ्या दृष्टीने पाहतो. भारत सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद होण्यासाठी ते ५० वर्षांहून जुने असावे लागते. शिवाय ते मूळ रूपात असून सांगाडा, बाह्यांग वा एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे.

वास्तूंच्या जतनाविषयीची १९६४ ची व्हेनिस सनद आणि तिच्या धर्तीवर ऐतिहासिक वाहनांसाठी झालेली ट्यूरिन सनद यांचा रोख, वस्तूत साठलेला पुरावा पुसू नये, असा आहे. या कसोटीवर दोन निष्कर्ष निघतात. १९५० च्या दशकात शेव्हरोलेचे एंजिन बसविलेली फोर्ड आज स्वतःच त्या काळच्या तरुणांच्या कौशल्याचा दस्तऐवज झाली आहे. तिला ‘शुद्ध’ करण्याच्या भरात तो दस्तऐवज नष्ट करणे चूक ठरेल. उलट, आजवर मूळ स्थितीत राहिलेल्या मोटारींची संख्या यापुढे वाढणार नाही. म्हणून अशा मोटारीवर आज करवत चालविणे हे कधीही भरून न येणारे नुकसान होय.

ज्याला हा संकर करावयाचाच असेल, त्याने सांगाडा न कापता बोल्टांनी बसणारे आधार वापरावे, काढलेले एंजिन व गिअरपेटी क्रमांकासह जपून ठेवावी, आणि काय बदलले याची लेखी नोंद मोटारीबरोबर ठेवावी. एवढे केले म्हणजे पुढील पिढीला ती मोटार पूर्वस्थितीला नेता येईल, किंवा आहे त्या रूपात तिचा अर्थ तरी लावता येईल.