पितळाला दिलेली धग

ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या दारूगोळ्यात पावसाळ्याच्या दिवसांत एक विचित्र प्रकार दिसे. कुणी न वापरलेल्या, पेटीत नुसत्या पडून असलेल्या काडतुसांना आपोआप तडे जात. दोष दमट हवेला दिला गेला. हवा साथीदार होतीच, पण मुख्य गुन्हेगार निघाला अमोनिया. काडतुसे तबेल्यांत साठवलेली असत आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा वायू ओलाव्याबरोबर पितळाला भिडे. तरी अमोनियाही एकटा काही करू शकला नसता. काडतुसाची पुंगळी ओढून, दाबून घडवताना पितळात जो ताण कोंडून राही, त्याला तो वाट करून देई. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी हे सविस्तर उलगडले. उपाय होता घडवलेले पितळ बेताने तापवून तो ताण मोकळा करण्याचा.

एका कॅलिबरची पुंगळी दुसऱ्या कॅलिबरसाठी नव्याने घडवण्याच्या कलेचा मागोवा मी तबेल्यापासून घेतो, कारण ही सारी कला त्या धगीवरच उभी आहे.

काडतुसाच्या पितळात ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. थंड असताना दाबत गेले की ते कडक होते, आणि कडक झालेले पितळ आणखी दाबले की फाटते. पुण्याच्या तांबट आळीत भांडे घडवताना धातू पुन्हा तापवून मऊ करून घेतात, तसेच इथेही करावे लागते. मात्र पुंगळीची फक्त मान आणि खांदा तापवायचा. बूड कडकच राहिले पाहिजे, कारण बार उडताना तिथले पितळ मऊ असेल तर ते दाबाखाली दगा देते. म्हणून जुने हौशी कारागीर पुंगळ्या उथळ पाण्यात उभ्या करत, मानेवर ज्योत धरत आणि रंग बदलू लागताच पुंगळी आडवी पाडत. पोलाद असे विझवले की कडक होते, पितळ होत नाही. पाण्याचे काम बुडाला वाचवण्याचे. लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही त्याच धगीची खूण.

पुंगळीचे तोंड आवळण्याची कल्पना मात्र जुनी. १८७१ च्या मार्टिनी-हेन्री रायफलचे काडतूस .५७७/४५० म्हणून ओळखले जाई: स्नायडर रायफलची .५७७ पुंगळी, आवळून .४५० केलेली. आज त्या रायफली जपणारे लोक २४ बोअरच्या पितळी शॉटगन काडतुसापासून तिची पुंगळी घडवतात, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

या कलेचा खरा बहर आला अमेरिकेत, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. १९०६ साली सैन्याने स्वीकारलेले .३०-०६ काडतूस तिथे मुबलक होते. अॅडॉल्फ निडनर यांनी १९२० च्या सुमारास त्याची मान आवळून .२५ ची गोळी बसवली. रेमिंग्टन कंपनीने ते काडतूस आपल्या कारखान्यात घेतले १९६९ मध्ये! नेड रॉबर्ट्स यांनी ७×५७ माउझरची पुंगळी धरली, तिच्यावर बेतलेले .२५७ रॉबर्ट्स १९३४ साली बाजारात आले. कारखान्यांच्या कितीतरी आधी वाट पाडली ती अशा माणसांनी, आणि त्यांचे श्रेय मला कारखान्यांहून मोठे वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर निकड वेगळी होती. अमेरिकी सैनिकांनी जपानी ७.७ अरिसाका रायफली घरी आणल्या, पण अमेरिकेत काडतुसे कुठली मिळणार? मग .३०-०६ च्या पुंगळ्या साच्यात दाबून, ५८ मिलिमीटरला कापून त्यांची सोय झाली. इथेच एक जुना धोका असतो. लांब पुंगळी आखूड केली की पूर्वीचे अंग नवी मान बनते, आणि अंगाचे पितळ मानेपेक्षा जाड असते. जाड मानेला नळीच्या घरात पसरायला जागा उरत नाही, गोळी सुटत नाही आणि दाब भलताच चढतो. म्हणून मान मोजून, आतून किंवा बाहेरून तासून पातळ करावी लागते. हे मोजमाप टाळणाऱ्याने या कामाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०११ साली .३०० ब्लॅकआउट प्रमाणित झाले आणि ही कला पुन्हा घराघरांत पोचली. .२२३ ची पुंगळी खांद्याखाली कापायची, साच्यात दाबायची, काम झाले. पण बुडावरचा शिक्का .२२३ चाच राहतो. हे काडतूस .२२३ च्या रायफलीत काही वेळा बसतेही, आणि .३० ची गोळी .२२ च्या नळीत अडकून रायफली फुटल्या आहेत. त्यामुळे जाणती माणसे अशा पुंगळ्यांचे डबे वेगळे ठेवतात, त्यांवर नाव ठळक लिहितात, आणि शिक्का व आकार जुळत नसलेले बेवारस काडतूस हाती आले तर ते रायफलीत कधीच भरत नाहीत.