डास पाण्यातच मारा

काकरापार व उकाईच्या कालव्यांमुळे सुरत जिल्ह्यात भात आणि ऊस भरपूर पिकू लागला. पण साचलेल्या पाण्यात डासांचीही सोय झाली. उडणाऱ्या डासांमागे धावून ते संपत नाहीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, आणि ही वाढ पाण्यातच होते. तेथेच त्यांना गाठावे.

आठवड्यातून एक दिवस रांजण, पिंपे व गुरांचे हौद रिकामे करून आतून घासावेत. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडीही कित्येक महिने टिकतात. नुसते पाणी ओतून भागत नाही.

सापळा घरीच होतो. काळ्या डब्यात अर्धे पाणी भरून कडेला जाड कापडाची पट्टी लावावी व डबा सावलीत ठेवावा. मादी तेथे अंडी घालते. दर पाचव्या दिवशी पाणी कोरड्या जमिनीवर ओतावे व पट्टी उकळावी. विसरलात, तर सापळ्यातूनच डास निघतील!

रिकाम्या न होणाऱ्या विहिरीत व टाकीत गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात. खेडा जिल्ह्यातील नडियाद तालुक्यात १९८३ पासून मलेरिया संशोधन केंद्राने खड्डे बुजवणे, गप्पी मासे अशा उपायांनी हिवताप आटोक्यात आणून दाखवला.

कडुनिंबाचा धूर डास पळवतो, मारत नाही. मच्छरदाणीत झोपावे. थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.