हात कोरडे होतात, पण पाठीचं काय?

दहावी-बारावीच्या परीक्षेत मनगटाखाली हातरुमाल दाबून लिहिणारी मुलं पर्यवेक्षकांच्या ओळखीची असतात. रुमाल सरकला की शाई पसरते आणि उत्तरपत्रिकेचं पान फुगतं. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात मार्चमध्ये घाम येण्याचं कुणाला नवल नाही, पण या मुलांचे हात ऐन पौषातल्या थंडीतही ओले असतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा टेकवला तर ठसा नीट उमटत नाही, मोटारसायकलची मूठ निसटते. घरचे एवढंच म्हणतात, "पोरगं घाबरट हाय, दुसरं काय?"

हे साफ चुकीचं आहे. तळहातांचा अतिघाम हा आजार आहे आणि वैद्यकात त्याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. बहुधा तो लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो. दोन्ही हातांना सारखाच असतो, झोपेत थांबतो आणि पुष्कळदा आई-वडील किंवा काका-मावशीपैकी कुणालातरी तो असतोच. शरीराच्या कुठल्याही भागाला अतिघाम येणारी माणसं मोजली, तर 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत ती 2.8 टक्के भरली होती. घामाच्या ग्रंथी निरोगी असतात. बिघाड असतो तो त्यांना हुकूम देणाऱ्या सिम्पथेटिक नसांच्या अतिउत्साहात. तळहाताचा घाम उन्हापेक्षा मनाच्या ताणाला जास्त दाद देतो, म्हणून लोक स्वभावाला बोल लावतात. प्रत्यक्षात हात ओला होईल या धास्तीनेच तो आणखी ओला होतो.

ही नस तोडली की हातांचा घाम थांबतो, आणि शस्त्रक्रियेत तिच्यापर्यंत दुर्बिणीतून पोचता येतं. छातीच्या आत, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या मुळांवरून सिम्पथेटिक नसेची साखळी खाली उतरते. रुग्णाला पूर्ण भूल देतात. काखेत अर्ध्या सेंटिमीटरचे एक-दोन छेद घेतात आणि भूलतज्ज्ञ त्या बाजूचं फुप्फुस थोडा वेळ मिटवतो. मग पडद्यावर दिसतो तो देखावा विलक्षण असतो. गुलाबी फुप्फुस बाजूला ढळलेलं, बरगड्यांच्या फिकट कमानी एकाखाली एक, आणि त्यांच्यावरून पातळ, पारदर्शक पडद्याआड जाणारी पांढरी, मधूनमधून गाठाळलेली दोरी. सर्जन बरगड्या मोजतो आणि तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीवर ती दोरी जाळून तोडतो किंवा तिला क्लिप लावतो. त्याहून वर जायचं नाही, कारण तिथली गाठ दुखावली तर पापणी उतरते आणि डोळ्याची बाहुली आकसते. तळहाताला तापमापक लावलेला असेल, तर नस तुटल्यावर काही मिनिटांत आकडा वर सरकतो. फुप्फुस फुगवून छेद शिवतात आणि दुसऱ्या बाजूला हेच करतात. रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याचे हात कोरडे आणि उबदार असतात. बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी सोडतात.

या तंत्रामागे मोठी परंपरा आहे. स्वीडनच्या हान्स याकोबेअस यांनी 1910 मध्ये छातीच्या पोकळीत दुर्बीण घालून पाहिलं आणि पुढे क्षयरोग्यांच्या उपचारात तिचा वापर झाला. ऑस्ट्रियाच्या कुक्स यांनी 1954 मध्ये दुर्बिणीतून सिम्पथेटिक नस तोडण्याचा अनुभव ग्रंथरूपाने मांडला. व्हिडिओ कॅमेरा आल्यावर, 1990 नंतर, शस्त्रक्रिया जगभर पसरली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तेही 1990 मध्येच. महाराष्ट्रात 'दुर्बिणीचं ऑपरेशन' हा शब्द घरोघरी गेला तो त्या काळापासून.

आता दुसरी बाजू, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. हातांचा घाम बंद झाला की अनेकांना पाठ, पोट, कंबर, मांड्या यांना पूर्वीपेक्षा जास्त घाम येऊ लागतो. डॉक्टर त्याला कॉम्पेन्सेटरी स्वेटिंग म्हणतात. कमी-जास्त प्रमाणात तो पुष्कळ रुग्णांना जाणवतो. बहुतेकजण तो सोसतात, पण थोड्यांचे कपडे दिवसातून अनेकदा भिजतात आणि त्यांना शस्त्रक्रियेचा पश्चात्ताप होतो. तोडलेली नस परत जोडून पूर्ववत होईल याची खात्री नाही, क्लिप काढूनही नाही. तैवानच्या आरोग्य खात्याने 2004 मध्ये वीस वर्षांखालील रुग्णांवर ही शस्त्रक्रिया करायला बंदी घातली, यावरून धोक्याचं गांभीर्य कळावं.

सांगोल्याच्या माणसाने तर हा विचार दुप्पट करायला हवा. उष्म्यात हा भरपाईचा घाम वाढतो, आणि सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. इथल्या आंबे बहार धरलेल्या डाळिंबाच्या बागेत नेमकी तेव्हाच फळं पोसत असतात. पाणी, फवारणी, राखण, सगळं उन्हातच. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याला जो घाम किरकोळ वाटेल, तो बागेत राबणाऱ्याला जड जाईल. कोरड्या हाताची किंमत कोण कुठे मोजणार आहे, हे आधी पाहायला हवं.

म्हणून सुरुवात त्वचारोगतज्ज्ञाकडून करावी. झोपेतही घाम येत असेल, एकाच बाजूला येत असेल किंवा मोठेपणी अचानक सुरू झाला असेल, तर थायरॉइड, मधुमेह, क्षय आणि चालू औषधं तपासावी लागतात. ते नसेल, तर रात्री कोरड्या हाताला लावायचं अॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण हा पहिला उपाय. पुढचा आयंटोफोरेसिस: साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये हात बुडवून वीस-तीस मिनिटं सौम्य वीजप्रवाह, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. घरच्या विजेवर याचा प्रयोग कुणीही करू नये. ग्लायकोपायरोलेटसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. बोटॉक्सची इंजेक्शनं तळहाताला चांगलीच दुखतात आणि त्यांचा गुण काही महिन्यांत ओसरतो. तरीही हे सगळे उपाय मागे घेता येतात, आणि शस्त्रक्रिया घेता येत नाही.

सगळं करूनही शिक्षण किंवा काम अडत असेल, तर शस्त्रक्रिया जरूर करावी. योग्य रुग्णाला तिने दिलेला दिलासा खरा असतो. अमेरिकेतल्या छातीच्या सर्जनांच्या संघटनेने 2011 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार विश्रांतीतली नाडी मिनिटाला 55 पेक्षा कमी असलेल्यांनी यापासून दूर राहावं. नस तिसऱ्या आणि चौथ्या बरगडीवर तोडली तर हात अगदी कोरडे होतात. फक्त चौथीवर तोडली तर किंचित ओलसर राहतात, पण पाठीच्या घामाची शक्यता घटते. यातलं काय करणार हे सर्जनला आधीच विचारावं, आणि घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर बरगडीचा क्रमांक लिहून घ्यावा.