फौजी घरी आले, लेथ घ्यायचं म्हणतात!

लष्करातला जवान काही म्हातारा होऊन घरी येत नाही, बरं का! पंधरा वर्षांची नोकरी झाली की त्याला पेन्शन लागू होते आणि बरेचसे जवान चाळिशीच्या आतबाहेरच गावी परततात. मुलं शाळेत, हातपाय धडधाकट. घरी बसून कसं जमायचं?

ई.एम.ई. हे दल 1943 साली उभं राहिलं. सैन्याच्या गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम. तिथं हात बसलेला माणूस भंडाऱ्याला परतला की लेथ मशीन टाकून छोटं वर्कशॉप काढावं म्हणतो. त्यात वावगं काहीच नाही. आपला जिल्हा धानाचा, राइस मिलचा. शाफ्ट झिजला, बुश सैल झाला की मिलवाला दारात उभा, "भाऊ, आजच करून द्या!" हंगाम सरला की मात्र काम मंदावतं.

खरा प्रश्न भांडवलाचा. पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग 'विकून' एकरकमी पैसे घेता येतात. "त्यात मशीन येईल," असं हे म्हणतात. येईलही! पण विकलेला भाग पुढची 15 वर्षं दरमहा कापला जातो. महागाई भत्ता तेवढा पूर्ण पेन्शनवर मिळतो. तेव्हा भगिनींनो, आधी वही घेऊन बसा. उरलेल्या पेन्शनमध्ये किराणा, शाळेची फी, औषधपाणी भागतं का? भागत नसेल तर कमी भाग विका, किंवा जिल्हा उद्योग केंद्रात कर्जाची चौकशी करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही सल्ला मिळतो. पेन्शन विकली म्हणून पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन कमी होत नाही. पण पेन्शनच्या कागदावर आपलं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, हे स्वतः वाचून पाहा.

2022 पासून अग्निवीर म्हणून गेलेल्यांपैकी जे चार वर्षांनी परततात, त्यांना पेन्शन नाही, एकरकमी सेवानिधी मिळतो. त्यांच्या घरी तर ही रक्कम फारच जपायला हवी.

वर्कशॉप सुरू झालं की दोन पथ्यं पाळा. डबा द्यायला गेलात तर पदर खोचून, वेणी बांधून जा आणि फिरत्या मशीनपासून लांबच उभ्या राहा. कापडाचं टोक अडकलं तर माणूस ओढला जातो. मशीन चालवताना हातमोजेही घालायचे नाहीत.

दुसरं पथ्य उधारीचं. फौजेत हुकूम निघाला की काम होतं. बाजारात काम आधी होतं आणि पैसे "पुढच्या आठवड्यात" येतात. फौजी माणसाला मागायची भीड वाटते. उधारीची वही आपण सांभाळा. गल्ला वेगळा, घरखर्च वेगळा ठेवा. मंदीच्या महिन्यांत चूल पेन्शनवर चालते, आणि ती चालली तरच लेथही टिकतं!