नागपूर आलं, पण उतरायचं कुठं?

पहाटेची वेळ. साकोलीच्या बसस्थानकावर चहावाल्याचा स्टोव्ह नुकताच पेटलेला असतो. बाकावर चार-सहा मंडळी शाल, मफलर गुंडाळून बसलेली असतात. कोण कशासाठी निघाले आहे हे विचारावे लागत नाही, हातातल्या वस्तूवरून कळते. कुणाच्या काखेत एक्स-रेचे मोठे पाकीट असते, कुणाच्या पिशवीत कोर्टाचे कागद असतात. नागपूरला खोली करून शिकणाऱ्या पोरासाठी एखादी माउली घरच्या तांदळाचे बोचके घेऊन निघालेली असते. तरीही शेजारचा विचारतोच, "कोठं चालले जी काकाजी?" आणि उत्तर ठरलेले असते, "कोठं जातो बापा, नागपूरले."

साकोलीकराला नागपूरला जायला फिरस्तीची हौस लागत नाही. दवाखाना, कॉलेज, नोकरीची परीक्षा, लग्नाचा बस्ता, पुढच्या प्रवासाची रेल्वे, यांतले काहीतरी त्याला तिकडे ओढून नेते. सकाळी जायचे, काम उरकायचे आणि रात्री घरचे जेवण गाठायचे, असा त्याचा हिशेब असतो. मोठ्या शहरातल्या प्रवासाच्या सोयींबद्दल लिहिणारे बहुधा विमानाने येणाऱ्या पाहुण्याचा विचार करतात. आज आपण एस.टी.तून उतरणाऱ्या पाहुण्याचा विचार करू.

साकोली ते नागपूर अंतर साधारण शंभर किलोमीटर. रस्ता सरळ आणि जुना. इंग्रजांच्या काळी नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या या रस्त्याला 'ग्रेट ईस्टर्न रोड' म्हणत. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा झाला आणि २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हा त्रेपन्न. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र तो अजूनही 'सहा नंबर'च आहे. मोहघाट्याचे जंगल, लाखनी, वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा, मग मौदा, कन्हान नदी, कापसी आणि पारडी. पारडी आली की बसमधली माणसे जागी होतात, बाया पदर सावरतात, आणि एकमेकांना विचारणे सुरू होते, "उतरायचं कोठं?"

खरा प्रश्न हाच आहे. साकोलीपासून पारडीपर्यंतचा प्रवास सोपा असतो, अवघड असतात ती पुढची सहा-सात किलोमीटर.

रेल्वेचा पर्याय आहे का, असे बाहेरचा माणूस विचारील. आहे, पण वळसा घालून. साकोलीजवळ सौंदडला स्टेशन आहे. ते गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे. ही गाडी उत्तर-दक्षिण धावते आणि आपल्याला जायचे असते पश्चिमेला. म्हणजे आधी गोंदिया गाठा, तिथून नागपूरची गाडी धरा. दुसरा मार्ग वरठीचा. भंडारा शहराचे स्टेशन 'भंडारा रोड' या नावाने तिथे आहे. सामान फार असेल, किंवा विदर्भ एक्स्प्रेसने पुढे मुंबईला जायचे असेल, तर हा खटाटोप परवडतो. गोंदियाहूनच सुटणारी गाडी असल्याने गोंदियात बसायला जागाही नीट मिळते. पण एका दिवसाच्या कामासाठी साकोलीकराची खरी सोबतीण एस.टी.च.

ती किती सोबतीण आहे हे २०२१ च्या दिवाळीपासून पुढचे काही महिने, संप चालू होता तेव्हा सगळ्यांना कळले. कर्मचाऱ्यांची दुःखे खरी होती, पण बसस्थानक ओस पडले आणि खासगी गाडीवाला मागेल तो दर द्यावा लागला. ज्याच्या घरी आजारी माणूस होते त्याने तो दिलाही. आता परिस्थिती पालटली आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. ज्या म्हाताऱ्या आयांनी वर्षानुवर्षे "कशाले खर्च करतेस रे" म्हणत दुखणे अंगावर काढले, त्या आता "चाल, दाखवून येऊ" म्हणतात. आमच्या घरातलाच हा अनुभव आहे.

आमच्या आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तपासणीसाठी त्यांना घेऊन मी पहिल्यांदा नागपूरला गेलो ती गोष्ट काही वर्षांपूर्वीची. शेवटच्या थांब्यावर उतरलो तोच चार ऑटोवाल्यांनी घेरले. आत्याबाईंच्या हातातली पिशवी एकाने केव्हा उचलली ते कळलेही नाही. नवखा माणूस बोलण्यावरून ओळखू येतो. त्या ऑटोवाल्याने कुठून कुठून फिरवले देव जाणे. उतरल्यावर त्याने मागितलेले पैसे साकोलीहून दोघांच्या झालेल्या बसभाड्यापेक्षा जास्त होते! त्यात उशीर झाला तो वेगळाच. चिठ्ठी काढायची खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा या, असे सांगण्यात आले. परतीच्या बसमध्ये आत्याबाई खिडकीशी गप्प बसून होत्या. लाखनी आल्यावर एवढेच म्हणाल्या, "डोळ्यानं दिसत नाही म्हणून गेलो होतो रे, पण त्या शहरात डोळसालेही वाट दिसत नाही."

सगळेच ऑटोवाले तसे नसतात हे इथेच सांगितले पाहिजे. पुढच्याच खेपेला एकाने आत्याबाईंना हात धरून पायऱ्या चढवून दिल्या आणि वाजवीपेक्षा रुपयाही जास्त घेतला नाही. पण आजारी माणसाचा दिवस असा नशिबावर सोडायचा का, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाला आता एक चांगले उत्तर मिळाले आहे आणि ते आपल्याच वाटेवर उभे आहे. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली ती वर्धा रोडवर, खापरी ते सीताबर्डी. जानेवारी २०२० मध्ये लोकमान्य नगरकडून सीताबर्डीपर्यंतचा मार्ग आला. हे सगळे शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला. भंडारा रोडवरून येणाऱ्याला त्याचा उपयोग काय? पण ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्या टप्प्याचे उरलेले मार्ग खुले झाले आणि मेट्रो सेंट्रल अॅव्हेन्यूवरून थेट पूर्वेच्या टोकाला, प्रजापती नगरला पोचली. पारडीतून शहरात शिरणाऱ्या माणसाला शहराच्या दारातच मेट्रो भेटू लागली.

तेव्हा साकोलीकराने काय करावे? निघतानाच वाहकाला विचारून ठेवावे, की गाडी प्रजापती नगरजवळ थांबते का आणि नसेल तर सर्वांत जवळचा थांबा कोणता. तिथे उतरून मेट्रोत बसले की वैष्णोदेवी चौक, आंबेडकर चौक, टेलिफोन एक्स्चेंज, चितार ओळी, अग्रसेन चौक ही स्थानके ओळीने लागतात. मेयो रुग्णालयात जायचे असेल तर दोसर वैश्य चौकात उतरावे. रेल्वे धरायची असेल तर पुढचेच स्थानक नागपूर रेल्वे स्टेशनचे. बर्डीवर खरेदी असेल तर सीताबर्डी. तिथेच दोन्ही मार्ग एकमेकांना भेटतात, गाडी बदलता येते. दीक्षाभूमीला जाणाऱ्याने सीताबर्डीला गाडी बदलून काँग्रेस नगर किंवा रहाटे कॉलनीला उतरावे. शंकर नगर, धरमपेठकडे शिकणाऱ्या मुलांच्या आयांनी मात्र गाडी न बदलता तसेच बसून राहावे. मिहानमधल्या एम्सचेही उद्घाटन त्याच ११ डिसेंबरला झाले. तिथे जायला खापरीपर्यंत मेट्रो आणि पुढे दुसरे वाहन, असा प्रवास.

पण मेट्रो म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. आपल्या भागातून सर्वांत जास्त माणसे जातात ती 'मेडिकल'ला, म्हणजे १९४७ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आणि नेमके तेच मेट्रोच्या दारात नाही. मेट्रोने गेले तरी शेवटी ऑटो करावाच लागतो. मेडिकलला जाणाऱ्याने गाडी बदलण्याच्या फंदात न पडता सरळ गणेशपेठ बसस्थानकापर्यंत जावे आणि तिथून ऑटो करावा, हे बरे. भाडे आधी ठरवावे, दोन ऑटोवाल्यांना विचारावे. घरातल्या पोरापोरींकडे मोबाइल असतोच. त्यावरून गाडी बोलावली तर भाडे आधीच कळते. पैसे कमी आणि वेळ थोडा असेल तर महापालिकेची 'आपली बस' आहे. सीताबर्डीच्या मोरभवनातून ती बहुतेक सगळीकडे जाते. फक्त कोणती बस कुठली हे विचारायला लाजू नये. सायकलरिक्षावर बसून महाल, इतवारी फिरण्याचे दिवस तर सरलेच.

आणखी एक गोष्ट अनुभवाने शिकलो. शहरात पाय ठेवताच परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी. साकोलीचा माणूस नागपुरात अडकतो तो कामामुळे कमी आणि शेवटची बस चुकल्यामुळे जास्त. मग ओळखीचे घर शोधा, नाहीतर स्थानकाच्या बाकावर रात्र काढा. तरण्या माणसाला ते जमते. पोटाचे ऑपरेशन सांगितलेल्या बाईला जमत नाही.

येथे एक मागणे मांडावेसे वाटते. शहराची वाहतूक आखणारे शहरात राहणाऱ्यांची गणती करतात, ते बरोबरच आहे. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून रोज सकाळी या शहरात येणारी आणि संध्याकाळी परतणारी माणसेही त्या शहराचीच आहेत. तिथल्या दवाखान्यांच्या रांगा, बर्डीची दुकाने, शिकवणीवर्गांचे बाक त्यांनी भरलेले आहेत. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात प्रजापती नगरहून ट्रान्स्पोर्ट नगरपर्यंत मार्ग वाढायचा आहे. त्या टोकाला पूर्वेकडच्या एस.टी. गाड्यांसाठी सावलीचा, पाण्याची सोय असलेला हक्काचा थांबा झाला आणि मेट्रोपासून मेडिकलपर्यंत एक नेमाची छोटी बस सुरू झाली, तर खर्च फार नाही. पण एक्स-रेचे पाकीट काखेत धरलेल्या माणसाचा अर्धा दिवस वाचेल.

आत्याबाईंची शस्त्रक्रिया पुढे नीट झाली. गेल्या खेपेला आम्ही मेट्रोने गेलो. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला त्या तयार होईनात, म्हणून लिफ्टने वर गेलो. गाडी सेंट्रल अॅव्हेन्यूच्या वरून धावू लागली तशा त्या काचेला नाक लावून बसल्या आणि खालच्या गर्दीकडे बघत राहिल्या. मग हळूच मला कोपर मारून म्हणाल्या, "हाच का रे तो रस्ता, जिथं त्या ऑटोवाल्यानं आपल्याले फिरवलं होतं?"

मी म्हटले, "तोच असेल, आत्याबाई."

"मंग किती जवळ होतं रे बापा!" त्या म्हणाल्या.